सात बावन्नची गाडी

“आज किती डिग्री असंल हो?” आरवाडेंनी विचारलं आणि आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

“बारा,” ताम्हनकर सर म्हणाले. सर खिशात थर्मामीटर घेऊन फिरायचे, त्यामुळे उत्तर तयार असायचं.

“बारा म्हंजे लईच की. पोस्टबाई, खोकला काय म्हणतोय?”

“मजेत आहे.”

“हळद घालून दूध घेताय न्हवं?”

“घेते,” मी ठोकून दिलं. खरं सांगितलं असतं तर हळद कुठली चांगली, इथपर्यंत विषय गेला असता.

“आणि बाबालालभाई, झोप लागली का?”

“झोप कसली लागतीय आज!” बाबालाल म्हणाले. “पाचलाच उठून दाढी केली बघा.”

जानेवारीतला रविवार होता. मिरज स्टेशनच्या कोल्हापूरकडच्या टोकाला, जिथे पत्रे संपतात आणि उघडा प्लॅटफॉर्म सुरू होतो, तिथे शेवटचं एक बाकडं होतं. त्या बाकड्यावर आम्ही दर रविवारी सात ते नऊ बसायचो. कृष्णेकडून आलेलं धुकं त्या दिवशी इतकं दाट होतं की समोरचा रूळ दिसत होता आणि त्याच्या पलीकडचा दिसत नव्हता. दहा वर्षं होऊन गेली, पण त्या सकाळचा मिनिट न् मिनिट मी सांगू शकते.

मी तेव्हा चौतीस वर्षांची होते आणि स्टेशनवरच्याच टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करत होते. गावांची नावं वाचता वाचता गाड्यांची गोडी लागली आणि गोडीचं वेड कधी झालं ते कळलंच नाही. सुट्टीच्या दिवशीही मी स्टेशनवर जाते हे ऐकून माझ्या आईने कपाळावर हात मारला होता.

ताम्हनकर सर माझ्याही पुढचे. गणिताचे शिक्षक म्हणून रिटायर झालेले. त्यांच्या मांडीवर एक जाड वही असायची. त्यात आलेली प्रत्येक गाडी, तिची मिनिटापर्यंत वेळ, हवामान आणि आमच्यापैकी कोण काय म्हणालं तेसुद्धा लिहिलेलं असायचं. सर एकदा अडीच दिवस गाडीत बसून थेट जम्मूला गेले, फलाटावर चहा प्यायले आणि परतीच्या गाडीत बसले. ते वर्णन आम्ही तल्लीन होऊन ऐकत असताना आरवाडेंनी विचारलं होतं, “वैष्णोदेवीला गेला असाल?”

“नाही.”

“मग काश्मीर तरी?”

“नाही हो.”

“मग गेला कशाला?”

आम्हाला असा प्रश्न विचारणाऱ्या माणसाची कीव आली होती.

आणि आमचे बादशहा म्हणजे बाबालाल शिकलगार. वय अडुसष्ट. स्टेशनबाहेर सायकलींचं दुकान. गालात तंबाखूची चिमूट आणि डोक्यावर विणलेली टोपी. त्यांचे वडील जुन्या छोट्या गाडीवर फायरमन होते, म्हणजे इंजिनात कोळसा टाकायचे. मिरजेहून कुर्डुवाडीकडे जाणारी ती अरुंद रुळांची गाडी केव्हाच बंद झाली आणि तिच्या जागी मोठे रूळ आले. बाबालालनी लहानपणी त्या इंजिनापर्यंत वडलांची भाकरी पोचवली होती. दूरवर इंजिन वाजलं की हा माणूस डोळे मिटून ते कुठल्या शेडचं आहे ते सांगायचा आणि आम्ही दोघं गाडी जवळ आली की इंजिनावर लिहिलेलं वाचून खात्री करायचो. मी जायला लागल्यापासून ते एकदाही चुकले नव्हते. छोट्या गाडीची सगळी स्टेशनं ते एका दमात म्हणायचे, मिरज, आरग, बेळंकी, सलगरे, कवठे महांकाळ, आणि पुढे थेट शेवटपर्यंत. मला त्यांच्याबद्दल जे वाटायचं त्याला भक्ती म्हटलं तरी चालेल.

राहिले आरवाडे. भूपाल आरवाडे, एस.टी.तून रिटायर झालेले कंडक्टर. रेल्वेच्या बाकड्यावर एस.टी.चा माणूस! दोन वर्षांपूर्वी एका रविवारी येऊन बसले ते बसलेच. अप कुठली, डाऊन कुठली, त्यांना अजून कळत नव्हतं. मालगाडी आणि पॅसेंजर एवढाच फरक त्यांना ठाऊक. आम्ही एखाद्या इंजिनाच्या भोंग्यावर वाद घालत असलो की हे मध्येच, “काय, आज भाजी कसली केलीय घरात?” दुसरं कुणी बोलत नसलं की हवामान, ते संपलं की आमच्या तब्येती. आणि नऊचा ठोका पडला की गप्पा कितीही रंगात आलेल्या असोत, चपला घालून चालू लागायचे. त्यांच्या मागे आम्ही त्यांना ‘लाल डबा’ म्हणायचो. हे नाव मीच ठेवलं होतं. तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

त्या रविवारी तर आम्हाला त्यांची बडबड नकोच होती. आठच्या सुमारास एक मालगाडी जाणार होती आणि तिच्या एका सपाट वाघिणीवर, म्हणजे उघड्या डब्यावर, छोट्या गाडीचं एक जुनं वाफेचं इंजिन बांधून नेत होते. कुठल्याशा गावात ते चौकात ठेवणार होते. बाबालालना ही बातमी कळली तेव्हापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्यांच्या वडलांनी ज्या चार-पाच इंजिनांवर काम केलं त्यातलंच ते एक असावं, अशी त्यांची खात्री होती.

“नंबर दिसला पायजे फकस्त,” ते म्हणत होते. “नंबर वाचला की मी सांगतो. बापाचा हात लागलेलं लोखंड हाय, पोस्टमास्तर.” मला ते पोस्टमास्तर म्हणायचे.

“धुकं आहे पण,” मी म्हणाले.

“आठपर्यंत उतरेल,” सर म्हणाले आणि वहीत धुक्याची नोंद केली.

धुकं असलं की आमचा एक खेळ असायचा. गाडी दिसत तर नसे. मग जो भोंगा ऐकू येईल त्याला ज्याने त्याने आपल्या आवडीच्या, पण बंद पडलेल्या गाडीचं नाव द्यायचं आणि बाकीच्यांनी ती गाडी खरंच आली असं समजून बोलायचं. लहान मुलांसारखा खेळ, पण आम्ही तो अगदी मन लावून खेळायचो. एकदा सरांनी जुन्या बंगलोर मेलला बोलावलं होतं, तर बाबालालनी उठून तिच्या ड्रायव्हरला सलाम केला होता.

आरवाडे ह्या खेळात नसायचे. त्यांना तो कळायचाच नाही.

लांबून एक भोंगा वाजला. सरांनी घड्याळ बघितलं आणि पेन उघडलं. आम्ही बाबालालकडे बघू लागलो.

बाबालालनी डोळे मिटले नाहीत. ते धुक्यात बघत राहिले आणि म्हणाले, “आली. बापाची गाडी आली.”

“वा!” सर म्हणाले.

“भाकरी... भाकरी घेऊन पळा. चाक भिजलंय. बापाची... पेटी थंड झाली.”

माझ्या अंगावर काटा आला. काय सुरेख रचलं होतं! खेळात इतकं आतलं ते कधी बोलले नव्हते. त्यांचा आवाज जरा जाड आला होता, पण तो तंबाखूमुळे नेहमीच तसा असायचा आणि त्या दिवशी गळा दाटला असेल असं मला वाटलं. सरांनी लगेच साथ दिली.

“फायरमनसाहेब, कोळसा ओला आहे का आज?”

“चाक...” बाबालाल म्हणाले. “चाक पी. चाक पी बापा.”

मी चक्क टाळ्या वाजवल्या. सर घाईघाईने लिहून घेत होते.

“बाबालालभाई,” आरवाडे म्हणाले. ते उठून उभे राहिले होते. “परत म्हणा बघू. काय प्यायचं?”

“आरवाडे, थांबा ना,” मी म्हणाले.

“बाबालालभाई, माझ्याकडं बघा. माझं नाव काय?”

“अहो खेळ चाललाय!” मी जोरात म्हणाले. “तुम्हाला रेल्वेतलं काही कळत नाही ना, मग निदान आज तरी गप्प बसा. आजचा दिवस त्यांचा आहे. दर रविवारी तुमचं डिग्री आणि हळद ऐकतोच की आम्ही!”

हे वाक्य मी बोललेय. जसंच्या तसं बोललेय. त्यावर आरवाडे रागावलेसुद्धा नाहीत. त्यांनी बाबालालच्या समोर उकिडवं बसून त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

“दोन्ही हात वर करा. असे. माझ्यासारखे.”

डावा हात वर गेला. उजवा थोडा उचलला आणि हळूहळू खाली आला, जणू त्याला कुणी वर जायला सांगितलंच नव्हतं.

“थंडीने बधिरला असेल,” सर म्हणाले, पण त्यांचं पेन थांबलं होतं.

“थंडीनं न्हाई, सर. ह्यास्नी दवाखान्यात न्यायला पायजे. आत्ता.”

बाबालालना ते कळलं असावं. त्यांनी डाव्या हाताने आरवाडेंना ढकललं आणि रुळांकडे बोट दाखवून मान जोरजोरात हलवली. जाणार नाही. गाडी यायचीय.

आणि मी, त्यांची भक्त, त्यांचीच बाजू घेतली. “आरवाडे, पाच-दहा मिनिटांचा प्रश्न आहे. ते इंजिन परत कधी दिसणार आहे त्यांना? ते जाऊ दे, मग मी स्वतः घेऊन जाते.”

“बाई,” आरवाडे म्हणाले, “दहा मिनिटांत काय काय जातं तुमास्नी म्हाईत न्हाई. ह्यांचं बोलणं जाईल. कायमचं जाईल.” मग ते म्हणाले, “माझ्यावर इश्वास नगा ठेवू. मला गाड्यांतलं कळत न्हाई. तुमीच इचारा त्यास्नी. झोपेतून उठवलं तरी जे त्यास्नी सांगता येईल, असं कायतरी इचारा.”

मी बाबालालच्या समोर गेले. त्यांची टोपी सरळ केली.

“चाचा, छोटी गाडी मिरजेहून सुटली. पुढचं स्टेशन?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याची उजवी बाजू खाली सरकली होती. ती इतका वेळ तशीच होती आणि मी धुकं बघत बसले होते.

“मिरज,” ते म्हणाले.

“हो. मिरजेनंतर?”

“मिरज...” ते शोधत होते. डोळ्यांत पाणी यायला लागलं. “मिरज... चाक... मिरज.”

आरग. तीन अक्षरं. कुठल्याही पोराने सांगितलं असतं. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती.

मी पळाले. प्लॅटफॉर्मच्या ह्या टोकापासून बाहेरचा रस्ता फार लांब होता आणि त्यांना चालवणं शक्य नव्हतं. आमच्या कचेरीच्या दाराशी टपालाच्या थैल्या वाहायची चार चाकांची हातगाडी उभी असते. माणसं वाहायला ती नाही, आणि तशी ती न्यायची परवानगीही मला नव्हती. तिच्यावरच्या थैल्या मी भराभरा खाली ओढल्या, दोन मऊशा वर ठेवल्या आणि धुक्यातून गाडी ढकलत बाकड्यापाशी आले. सर आणि आरवाडेंनी बाबालालना उचलून वर निजवलं. ते अजून डाव्या हाताने बाकडं धरून ठेवत होते. आरवाडेंनी एकेक बोट सोडवलं, आणि हे करताना सारखं बोलत होते, “जाऊन यायचं, बाबालालभाई. लगेच यायचं. थंडी बघा कसली पडलीय. टोपी घट्ट हाय न्हवं? भूक लागली का? दाढी लई झ्याक केलीय आज.”

तेच ते. भूक, थंडी, टोपी. आम्ही ढकलत होतो आणि ते हातगाडीच्या कडेने चालत बाबालालच्या डोळ्यांत बघत न थांबता बोलत होते, आणि बाबालालची नजर त्यांच्या चेहऱ्याला धरून राहिली होती. दोन वर्षं ज्या गप्पांनी मला जांभया यायच्या, त्यांच्याच आधाराने तो माणूस शुद्धीत होता.

निम्म्या वाटेवर मागून मालगाडी आली. फलाट हादरायला लागला. डबे एकामागून एक आमच्या शेजारून जाऊ लागले. त्यातल्याच कुठल्यातरी वाघिणीवर ते इंजिन होतं. मला वाटतं, धुकं थोडं उतरलंही होतं. मी मान वळवली नाही. सरांनी घड्याळाकडे बघितलं नाही. ती गाडी सरांच्या वहीत नाही. इतक्या वर्षांत नोंद न झालेली ती एकच.

बाहेर रिक्षा मिळाली. मिरजेत दवाखाने पावलापावलावर आहेत, पाच मिनिटांत पोचलो. आत एक तरुण डॉक्टरीण होती. तिने बाबालालना तपासायला घेतलं आणि आमच्याकडे न बघताच विचारलं, “त्रास कधी सुरू झाला? सकाळी, पहाटे असं नको. नक्की वेळ सांगा. त्याच्यावर इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरतं.”

मी आरवाडेंकडे बघितलं. आरवाडेंनी माझ्याकडे. आणि ताम्हनकर सरांनी वही उघडली. वर्गात वाचायचे तसं ते खणखणीत वाचू लागले, “सात वाजून पन्नास. बाबालाल म्हणाले, बापाचा हात लागलेलं लोखंड. बोलणं स्पष्ट. सात बावन्न. भोंगा. बाबालाल म्हणाले, बापाची गाडी आली, भाकरी घेऊन पळा, चाक भिजलंय.”

डॉक्टरीण वळून बघत राहिली. “तुम्ही हे लिहून ठेवता?”

“आम्ही रेल्वेवाले आहोत,” सर म्हणाले आणि मग मात्र त्यांना रडू आलं. “मी लिहीत बसलो हो. माणूस आजारी पडत होता आणि मी लिहीत बसलो.”

“बरं झालं लिहिलंत,” ती म्हणाली. तिने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. आठ वाजून सतरा मिनिटं झाली होती. “इतकी नेमकी वेळ मला अजून कुणी सांगितली नव्हती.”

त्यांना आत नेलं. बाबालालचा मुलगा आला, सून आली. फॉर्मवर सह्या झाल्या. मेंदूत अडकलेली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन दिलंय, आता वाट बघायची, असं सांगितलं. मी मागे वळून बघितलं तर आरवाडे नव्हते. नऊ वाजून गेले होते. मला त्यांचा मनस्वी राग आला. अशा वेळीसुद्धा ह्या माणसाला नऊचा ठोका चुकवता येत नाही!

तिसऱ्या दिवशी आम्हाला आत सोडलं. बाबालाल उशीला टेकून बसले होते. चेहरा बराचसा जागेवर आला होता. मी काही विचारायच्या आतच त्यांनी बोट वर केलं आणि म्हणायला सुरुवात केली, “मिरज. आरग.” मध्ये मोठा श्वास. “बेळंकी.” मग कपाळाला आठ्या. “सल... सलगरे.” तिथे अडकले. पुढचं येईना. सर “कव...” म्हणून सुचवायला लागले तर त्यांनी हात करून सरांना गप्प केलं आणि स्वतःच हसले.

“सिग्नल मिळंना,” ते म्हणाले.

मी त्यांच्या पायाशी डोकं ठेवून रडले. सून बघत होती, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

“लाल डबा कुठाय?” बाबालालनी विचारलं. ते नाव त्यांनाही माहीत होतं तर.

आरवाडे तीन दिवसांत दवाखान्यात फिरकले नव्हते. मी त्याच संध्याकाळी पत्ता विचारत मंगळवार पेठेत त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत कॉटवर एक बाई बसली होती. केस छान विंचरून वेणी घातलेली, कपाळाला कुंकू. उजवा हात मांडीवर उताणा पडलेला होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. आरवाडे तिच्यासमोर वाटी धरून बसले होते आणि मऊ भात भरवत होते.

मला बघून ते गडबडले. “या की बाई, या. ही आमची मंडळी, पद्मावती. पदमा, ह्या पोस्टातल्या बाई. मी सांगतो न्हवं तुला, खोकला असतोय त्यास्नी.”

पद्मावतीबाई अर्ध्या चेहऱ्याने हसल्या आणि म्हणाल्या, “टोपी.”

“चा घ्या म्हणतीय,” आरवाडे म्हणाले.

त्यांनी वाटी खाली ठेवली.

“रविवारी हिची भैन येतीय सात ते नऊ. तेवढाच येळ बाहेर पडता येतंय. बाकी कोन न्हाई घरात.”

“किती वर्षं झाली?”

“अकरा.” त्यांनी तिच्याच पदराने तिच्या ओठांजवळची शितं पुसली. “सकाळची येळ हुती. मी ड्युटीवर निघालेलो. हिनं चा आणून दिला आणि म्हणाली, टोपी गार व्हतीय. मी म्हणलं, काय? तर परत तेच. टोपी गार व्हतीय.” त्यांनी तिची वेणी सरळ केली. “मी हसलो, बाई. म्हणलं, मला टोपी घालतीस व्हय? आणि हसत हसत गाडीवर गेलो. डायवरला सांगितलं, मास्तरला सांगितलं, डेपोत सगळ्यास्नी सांगितलं. दुपारपातूर हसतच हुतो. सांजच्याला घरी आलो तर ही सैपाकघरात पडल्याली. तवापासनं तेवढा एकच शबूद ऱ्हायलाय तिच्याजवळ.”

मी खाली बघत होते.

“घरात कोन बोलत न्हाई हो,” ते अगदी साधेपणाने म्हणाले. “म्हणून तुमच्याकडं यायचो. थंडी हाय का इचारलं की कोनतरी ‘बारा’ म्हणतंय. झोप लागली का इचारलं की कोनतरी ‘लागली’ म्हणतंय. बरं वाटायचं.”

मला त्यांच्या पाया पडायचं होतं. लाल डब्याची माफी मागायची होती. मी कितीतरी वाक्यं रस्त्यात जुळवून आणली होती. शेवटी मी एवढंच म्हणाले, “आरवाडे, बाबालालभाई बोलायला लागले. आज चार स्टेशनं म्हटली त्यांनी. डॉक्टर म्हणाल्या, थोड्या दिवसांत सगळं येईल.”

आरवाडेंनी डोळे मिटून घेतले. दोन्ही हात जोडले, कुणाला ते मला कळलं नाही. मग ते कॉटजवळ सरकले आणि बायकोच्या कानाशी मोठ्याने म्हणाले, “पदमा, ऐकलंस का? ते बाबालालभाई. बोलायला लागले. येळंत न्हेलं आपण त्यास्नी.”

पद्मावतीबाईंनी त्यांच्याकडे खूप वेळ बघितलं. मग डावा हात उचलला, त्यांच्या गालावर हलकेच एक चापट मारली आणि हसून म्हणाल्या, “टोपी. टोपी, टोपी.”

“आता काय म्हणाल्या?” मी विचारलं.

आरवाडेंनी तो हात तसाच गालावर धरून ठेवला होता.

“शाणा झालास म्हणतीय,” ते म्हणाले. “उशिरा का व्हईना, शाणा झालास.”